चरकापासून कवचापर्यंत

लहान उपग्रह अवकाशात नेण्यासाठी परवडणारा अग्निबाण कसा घडवावा, हा प्रश्न वरवर पाहता उच्च गणिताचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग कारखान्याच्या शेडमधला आहे. कोणत्या पोलादाचा पत्रा घ्यायचा, तो किती जाड ठेवायचा, गोल वळवून त्याची कड कशी जोडायची, जोड निर्दोष आहे हे कशावरून ठरवायचे आणि हे सारे पन्नासाव्या वेळीही पहिल्यासारखेच कसे साधायचे, या प्रश्नांच्या उत्तरांवर अग्निबाणाची किंमत ठरते. भारताच्या घन इंधनावर चालणाऱ्या अग्निबाणांपुरते बोलायचे तर यांतील बरीच उत्तरे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, नीरेच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या पट्ट्यात, वालचंदनगर येथे हाताने आणि यंत्राने शोधली गेली आहेत.

लहान उपग्रह हवेत कशासाठी, याचे उत्तरही याच पट्ट्यात सापडते. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग हाती घेतला आहे, त्यात जमिनीत पुरलेले संवेदक आणि शेताजवळचे हवामान केंद्र यांच्या जोडीला उपग्रहांनी टिपलेली चित्रे वापरली जातात, आणि पाणी कधी द्यावे, खत कुठे कमी पडते, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करते आणि तांबडा प्रकाश शोषून घेते. पीक ताणाखाली आले की हे प्रमाण बदलते, आणि अनेकदा पान पिवळे पडण्याआधीच तो बदल वरून टिपता येतो. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रातील सर्वांत बारीक चौकोन जमिनीवर दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतो, म्हणजे शंभर चौरस मीटर. शेतकऱ्याचा गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित मोठा असल्याने अवकाशातून दिसणारा एक ठिपका आणि सातबाऱ्यावरचा एक गुंठा जवळजवळ एकच भरतात, हा योगायोग मोठा सोयीचा आहे.

परंतु सेंटिनेल-२ चा एकेक उपग्रह टनाहून जड आहे आणि त्यांची जोडी मिळून त्याच शेतावर साधारण पाच दिवसांनी परत येते. मधल्या दिवशी ढग आले तर ती फेरी वाया जाते. याउलट प्लॅनेट या अमेरिकी कंपनीचा डव्ह उपग्रह पाच किलोहूनही हलका असतो. त्याचे चित्र सुमारे तीन मीटरपर्यंत बारीक असते, आणि असे शेकडो उपग्रह एकाच वेळी फिरत असल्याने जवळजवळ रोज कोणीतरी डोक्यावरून जाते. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्ही-सी३७ या उड्डाणात जे १०४ उपग्रह एकदम सोडले गेले, त्यांतील ८८ डव्ह होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रहही २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीनेच वर गेला होता.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लहान अग्निबाण हा दर किलोमागे स्वस्त नसतो. बहुधा तो महागच पडतो. पीएसएलव्हीचे उड्डाणावेळचे वजन सुमारे ३२० टन असून तो सूर्यसमकालिक कक्षेत, म्हणजे उपग्रह एखाद्या गावावरून नेहमी त्याच स्थानिक वेळेला जाईल अशा ध्रुवीय कक्षेत, सुमारे १,७५० किलो नेतो. इस्रोचा लहान उपग्रहांसाठीचा अग्निबाण, एसएसएलव्ही, १२० टनांचा असून तो ५०० किलोमीटर उंचीवरच्या सोप्या कक्षेत ५०० किलो नेतो. वजनाच्या हिशेबात मोठाच सरस ठरतो, कारण हवेचा विरोध, मार्गदर्शनाची उपकरणे आणि टप्पे विलग करण्याची यंत्रणा अग्निबाण निम्मा केला म्हणून निम्मी होत नाहीत. फरक एस.टी. आणि खास गाडी यांच्यातला आहे. एस.टी.चे तिकीट स्वस्त, पण ती तिच्या वेळेला सुटते आणि तिच्याच थांब्यावर उतरवते. मोठ्या उपग्रहासोबत जाणाऱ्या लहान उपग्रहालाही मोठ्याच्या तारखेची वाट पाहावी लागते आणि मोठ्याला हवी असेल ती कक्षा स्वीकारावी लागते. त्यामुळे ‘परवडणारा’ या शब्दाचा अर्थ येथे थोडा वेगळा घ्यावा लागतो: ज्याची एकूण किंमत एका लहान ग्राहकाच्या आवाक्यात आहे आणि जो मागणी आल्यावर काही आठवड्यांत उभा करता येतो, तो परवडणारा अग्निबाण.

त्याच्या रचनेवर पहिले बंधन निसर्गाचे आहे. ५०० किलोमीटर उंचीवर टिकून राहण्यासाठी उपग्रहाला सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर वेग लागतो, आणि गुरुत्वाकर्षण व हवा यांत खर्ची पडणारा भाग धरला तर अग्निबाणाला साडेनऊ किलोमीटरांच्या जवळपास वेग कमवावा लागतो. घन इंधनाच्या ज्वलनातून निघणारा झोत मात्र सेकंदाला सुमारे अडीच ते पावणेतीन किलोमीटरांचाच असतो. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांच्या समीकरणानुसार असा झोत वापरून एकाच टप्प्यात कक्षा गाठायची, तर उड्डाणावेळच्या वजनात तीस भागांहून अधिक भाग इंधनाचे आणि जेमतेम एक भाग बाकी सगळ्याचा असावा लागेल. कवच, नळी, उपकरणे, उपग्रह हे सारे त्या एका भागात बसवता येत नाही, म्हणून अग्निबाण टप्प्याटप्प्यांचा करावा लागतो आणि रिकामे झालेले कवच वाटेत टाकून द्यावे लागते.

या टप्प्यांच्या हिशेबात स्वस्ताईची एक महत्त्वाची किल्ली दडलेली आहे. सर्वांत वरच्या टप्प्यात एक किलो वजन वाढले, तर उपग्रहाच्या वाट्याचा पुरा एक किलो कमी होतो. पण सर्वांत खालच्या टप्प्यात वाढलेल्या किलोची किंमत उपग्रहाला त्याच्या लहानशा अंशाने मोजावी लागते, कारण ते वजन लवकर गळून पडते. म्हणून वरच्या टप्प्याला धाग्यांचे हलके, महाग कवच आणि खालच्या टप्प्याला पोलादाचे कवच, अशी विभागणी शहाणपणाची ठरते. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा केव्हलार या धाग्याच्या वेढ्यांनी बनतो, आणि पहिला टप्पा पोलादाचा.

घन इंधनाचा अग्निबाण म्हणजे, साध्या शब्दांत, वरून बंद आणि खालून नोझल असलेले एक लांब नळकांडे, ज्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून रबरासारखे इंधन ओतलेले असते आणि मधोमध आरपार पोकळी ठेवलेली असते. अमोनियम परक्लोरेट प्राणवायू पुरवते, अॅल्युमिनियमची भुकटी उष्णता वाढवते आणि एचटीपीबी नावाचा रबरी पदार्थ या दोघांना धरून ठेवत स्वतःही जळतो. भारतातील घन इंधनाच्या विकासात पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकर यांचा वाटा फार मोठा आहे. १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकही होते. द्रव इंधनाच्या इंजिनाला पंप, झडपा आणि नळ्यांचे जाळे लागते, घन इंधनाला त्यांपैकी काहीच लागत नाही, ते भरून ठेवता येते आणि हवे तेव्हा पेटवता येते. बदल्यात दोन गोष्टी सोडाव्या लागतात: एकदा पेटल्यावर ते विझवता येत नाही, आणि इंधनाची टाकी हीच भट्टी असल्याने ज्वलनाचा सगळा दाब त्या संपूर्ण नळकांड्याला सोसावा लागतो. या नळकांड्याला तंत्रज्ञ मोटर केसिंग म्हणतात. येथे त्याला कवच म्हटले आहे.

कवचावर पडणाऱ्या भाराची कल्पना एका उदाहरणाने येऊ शकेल. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर, लांबी सुमारे २० मीटर आणि त्यातील इंधन सुमारे १३८ टन. आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या साठपट धरला, तर या नळकांड्याच्या भिंतीच्या प्रत्येक सेंटीमीटर उंचीला फाडू पाहणारी ओढ सुमारे साडेआठ टन भरते, म्हणजे तीन-चार टायरगाड्यांत भरलेल्या उसाएवढी. बांधकामाच्या साध्या पोलादाने ही ओढ सहन करायची झाल्यास भिंत किमान ३४ मिलिमीटर जाड लागेल, आणि तेही सुरक्षिततेसाठी काहीही हातचे न राखता. केवळ तेवढ्या पत्र्याचे वजन ४७ टन होईल. भिंत आठ मिलिमीटरवर आणली तर हेच वजन अकरा टनांवर येते. पण त्यासाठी साध्या पोलादाच्या चार-पाच पट, आणि सुरक्षिततेचा भाग धरून त्याहूनही अधिक, ताकदीचे पोलाद लागते.

ते पोलाद म्हणजे मॅरेजिंग स्टील. नेहमीचे पोलाद कार्बनमुळे कठीण होते. यात कार्बन जवळजवळ नसतोच, त्याऐवजी सुमारे १८ टक्के निकेल आणि जोडीला कोबाल्ट, मॉलिब्डेनम व थोडे टायटॅनियम असते. या पोलादाचा खरा गुण असा की कारखान्यात येते तेव्हा ते तुलनेने मऊ असते, त्यामुळे ते वळवता येते, कापता येते, जोडता येते. आणि सगळे काम संपल्यावर ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भट्टीत मुरवले की धातूच्या आत अतिसूक्ष्म संयुगांचे कण तयार होऊन ते आपली पूर्ण ताकद धारण करते. पाण्यात किंवा तेलात विझवण्याची गरज नसल्याने एवढे मोठे नळकांडे वाकडे होत नाही. भारतात हे पोलाद हैदराबादच्या मिश्र धातु निगम या सरकारी कंपनीत तयार होते.

असे कवच बनवण्याची विद्या इंदापूर तालुक्यात कशी आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळावर आला आणि ऊस शक्य झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३) यांनी रेल्वेची कंत्राटे घेत उद्योग उभारले आणि १९३० च्या दशकात कळंबच्या परिसरात शेती, साखर कारखाना आणि वसाहत वसवली, तेच वालचंदनगर. साखर कारखाना चालवणाऱ्याला चरक, रस तापवणारे हीटर, रस आटवणारी इव्हॅपोरेटरची भांडी, निर्वात पॅन आणि वाफेचे बॉयलर यांच्याशी रोज झुंजावे लागते. ही भांडी दुरुस्त करता करता ती बनवणे आले, आणि पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजने साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवण्यात नाव मिळवले. बॉयलर काय आणि अग्निबाणाचे कवच काय, दोन्ही मुळात दाब पेलणारी भांडीच: जाड प्लेट रोलिंग मशीनमध्ये घालून गोल करायची, कड कडेला भिडवायची, जोड वेल्ड करायचा, तपासायचा, आणि शेवटी पाणी भरून दाबाची चाचणी घ्यायची. सत्तरच्या दशकापासून या कंपनीचा इस्रोशी संबंध आहे, आणि १९९३ च्या पहिल्या पीएसएलव्हीपासून या अग्निबाणांची कवचे बनवण्यात ती सहभागी आहे.

बॉयलर आणि कवच यांत फरक आहे तो चुकीला मिळणाऱ्या सवलतीचा. बॉयलरची भिंत जाड ठेवून वेल्डरच्या हातून राहिलेली बारीक उणीव झाकता येते. कवचात तशी जागाच नसते. पोलाद जितके ताकदीचे, तितके ते बारीक भेगेबाबत हळवे असते, आणि डोळ्यांना न दिसणारी भेग, दाब ठरलेल्या मर्यादेत असतानाही, क्षणात कवचभर धावू शकते. १९६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत २६० इंच, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर व्यासाचे मॅरेजिंग पोलादाचे एक प्रचंड कवच पाण्याच्या चाचणीत ठरलेल्या दाबाच्या निम्म्याहून थोड्याच वरच्या दाबाला फुटले. मूळ कारण वेल्डिंगमधला एक लहान दोष होता. म्हणून अशा कवचाच्या कामात आर्गॉन वायूच्या आवरणाखाली टंगस्टनच्या टोकाने, म्हणजे टिग पद्धतीने, थरावर थर देत जोड भरतात; प्लेटच्या कडा आधी स्वच्छ पुसून घेतात, कारण तेलाचा किंवा ओलाव्याचा अंश राहिला तर तो वितळलेल्या धातूत शिरून नंतर छिद्र बनतो. जोड पुरा झाल्यावर क्ष-किरणांनी आणि श्राव्यातीत ध्वनिलहरींनी त्याची इंचइंच पाहणी होते. शेवटच्या दाबचाचणीत हवा न वापरता पाणी वापरतात, याचे कारण सोपे आहे: पाणी दाबाखाली फारसे आकसत नाही, त्यामुळे भांडे फुटलेच तर भेगेतून पाणी गळते आणि दाब तत्काळ पडतो, तोच दाब हवेचा असता तर भांड्याचे तुकडे शेडभर उडाले असते.

एवढे लांब नळकांडे अखंड बनवणे, वाहून नेणे आणि इंधनाने भरणे कठीण असल्याने पीएसएलव्हीचा पहिला टप्पा पाच खंडांत बनतो. खंड श्रीहरिकोट्याला जातात, तेथे त्यांत इंधन ओतले जाते आणि मग ते एकावर एक चढवले जातात. खंडाच्या कडेला एकात दुसरी बसणारी खाच, तीत रबराची वर्तुळाकार कडी, असा हा सांधा असतो. याच प्रकारच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने कडक होऊन पुरेशी बसली नाही, म्हणून २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. खंडांचा अग्निबाण स्वस्त पडतो हे खरे, पण प्रत्येक सांधा हा जोखमीचा आणखी एक घेर असतो. म्हणूनच खंडांची टोके कातण्याचे काम मिलिमीटरच्या लहानशा अंशापर्यंत अचूक ठेवावे लागते, आणि एका वर्षी बनलेला खंड दुसऱ्या वर्षी बनलेल्या खंडावर तसाच बसावा लागतो.

अर्थात कवच निर्दोष असले म्हणजे उड्डाण साधतेच असे नाही. २० सप्टेंबर १९९३ चे पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले. पहिल्या टप्प्याने आपले काम चोख केले होते. दुसरा आणि तिसरा टप्पा विलग होताना झालेली गडबड व नियंत्रणाच्या संगणक-आज्ञावलीतील चूक यांनी घात केला. १५ ऑक्टोबर १९९४ च्या दुसऱ्या उड्डाणाला यश आले.

एसएसएलव्हीची रचना या सगळ्या अनुभवावर उभी आहे. ३४ मीटर उंच आणि दोन मीटर व्यासाच्या या अग्निबाणाचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे आहेत. पहिल्यात सुमारे ८७ टन इंधन असते, दुसऱ्यात ७.७ आणि तिसऱ्यात ४.५ टन. घन इंधन ऐन वेळी बंद करता येत नसल्याने कक्षेचा वेग नेमका साधण्यासाठी सर्वांत वर एक छोटा द्रव-इंधनी भाग ठेवला आहे, जो उरलेली थोडी कसर भरून काढतो. सरकारने या अग्निबाणासाठी तीन विकास-उड्डाणांसह १६९ कोटी रुपये मंजूर केले होते. पीएसएलव्ही उभा करायला दोन महिन्यांच्या आसपास वेळ आणि शेकडो माणसे लागत असताना एसएसएलव्ही मोजक्या माणसांनी काही दिवसांत उभा करावा, असे उद्दिष्ट आखणीच्या वेळीच ठेवलेले होते. स्वस्ताईचा मोठा भाग येथून येतो. कोबाल्ट-निकेलचा पत्रा महाग असतोच, पण त्याहून महाग असते ती प्रक्षेपणतळावर अडकून पडलेली माणसे आणि महिने.

७ ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि तिन्ही घन टप्पे अपेक्षेप्रमाणे जळले. दुसरा टप्पा विलग होतानाच्या क्षणभराच्या कंपनांनी मात्र वेगवाढ मोजणारे संवेदक भांबावले, संगणकाने ते सदोष ठरवून आपत्कालीन मार्ग धरला, शेवटचा छोटा टप्पा पेटला नाही आणि उपग्रह ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत सुटले. ७६ किलोमीटरवर हवा अजून पुरेशी दाट असल्याने ते तेथे टिकू शकले नाहीत. विलग होण्याची यंत्रणा कमी कंपनांची बसवून आणि संवेदकांना दोषी ठरवण्यापूर्वीचा अवधी वाढवून १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरे उड्डाण झाले, ते यशस्वी ठरले. तिसरेही १६ ऑगस्ट २०२४ रोजी यशस्वी झाले. हलक्या अग्निबाणाचा हा स्वभावच आहे: वजन कमी असल्याने तोच धक्का त्याला जास्त हलवतो, आणि मोठ्या अग्निबाणासाठी ठरवलेल्या मर्यादा त्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

भूगोलही लहान अग्निबाणाकडून जास्त वसूल करतो. श्रीहरिकोट्याहून थेट दक्षिणेकडे सोडलेला अग्निबाण श्रीलंकेवरून जाईल, म्हणून ध्रुवीय कक्षेला निघालेल्या अग्निबाणाला आधी आग्नेयेकडे जाऊन मग वळावे लागते. या वळशाचे इंधन पीएसएलव्हीला परवडते. एसएसएलव्हीच्या वाट्याच्या उपग्रहातून मात्र त्याने मोठा लचका तोडला जातो. तमिळनाडूच्या टोकाजवळ कुलसेकरपट्टिनम् येथे दुसऱ्या प्रक्षेपणतळाची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली, ती मुख्यतः यासाठी.

जगात इतर वाटाही चोखाळल्या गेल्या आहेत. रॉकेट लॅब कंपनीचा इलेक्ट्रॉन हा १८ मीटरांचा अग्निबाण कार्बन धाग्यांचा असून त्याच्या इंजिनांचे पंप विजेच्या बॅटरीवर चालतात; चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने ३० मे २०२४ रोजी त्रिमितीय छपाईने एकसंध बनवलेले इंजिन चाचणी-उड्डाणात वापरले. या वाटा मोलाच्या आहेत, तरीही पोलादी कवच कालबाह्य झाले असे म्हणणे घाईचे ठरेल. खालच्या टप्प्यात पोलादाचे जादा वजन सोसवते, पोलादातला दोष क्ष-किरणांत स्पष्ट उमटतो, आणि त्यावर काम करणारे हात या देशात आहेत. धाग्यांच्या कवचाच्या थरांत दडलेली पोकळी शोधणे अजूनही अधिक अवघड असते.

१९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. युद्धकाळात सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९६४ मध्ये तिच्यातून हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, आकाराला आली. जून २०२५ मध्ये एसएसएलव्हीचे तंत्रज्ञान घेण्याची बोली याच एचएएलने ५११ कोटी रुपयांना जिंकली. हस्तांतरणासाठी दोन वर्षांचा अवधी ठरला असून त्या काळात इस्रोच्या मार्गदर्शनाखाली दोन अग्निबाण उडवायचे आहेत. त्यानंतर ते बनवणे, विकणे आणि उडवणे ही जबाबदारी कंपनीची राहील. वर्षाकाठी एक-दोन कवचे बनवणाऱ्या शेडला आणि दर महिन्याला एक कवच बाहेर काढणाऱ्या शेडला भट्टी तीच लागते, रोलिंग मशीन तेच लागते आणि क्ष-किरणांची खोलीही तीच लागते. बदलतो तो त्यांचा खर्च किती कवचांवर विभागायचा हा आकडा.